आधी लिहा, मग बोला



अध्यक्षपदाचा मान दिलात, मनापासून आभार. पुण्यातले श्रोते वक्त्याच्या आधी तयारी करून येतात, त्यामुळे औपचारिकता इथेच आवरते.

प्रथेप्रमाणे अध्यक्षानं आढावा घ्यायचा असतो. घेते. 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी व्यासपीठ ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं. त्यावरच्या अभ्यासक्रमांना श्रेयांक देण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१६ मध्ये २० टक्क्यांपर्यंत दिली होती, ती २०२१ मध्ये ४० टक्क्यांवर नेली. मध्ये करोना आला आणि आपण सगळे रातोरात ऑनलाइन अध्यापक झालो. आढावा संपला.

आता जो विषय मी प्रत्येक बैठकीत काढत आले आणि जो प्रत्येक वेळी 'आयत्या वेळचे विषय' यात ढकलला गेला, त्यावर आज माइक हातात असेपर्यंत बोलणार आहे. आपण ऑनलाइन अभ्यासक्रम म्हणजे व्हिडिओ असं धरून चाललो आहोत. 'स्वयम्'च्या रचनेत चार भाग आहेत: चित्रफीत, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. पहिल्या भागासाठी स्टुडिओ, दिवे, इस्त्रीचा सदरा. दुसऱ्या भागात काय असतं? बहुतेक ठिकाणी जुन्या टिपणांची तिरकी स्कॅन केलेली पीडीएफ, वर झेरॉक्सवाल्याच्या अंगठ्यासकट.

हे या राज्यात व्हावं याचा मला राग येतो. राम ताकवले सर आधी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते, पुढे १९८९ मध्ये नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या विद्यापीठानं 'ज्ञानगंगा घरोघरी' नेली ती मुख्यतः पुस्तकांतून. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्ये थांबवून विचारलेले स्वयं-अध्ययनाचे प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. शिक्षक समोर नाही हे गृहीत धरून लिहिलेला मराठी मजकूर! दूरदर्शन तेव्हाही होतंच की. १५ ऑगस्ट १९८४ पासून अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम देशभर दिसत होते, आणि पुणे विद्यापीठाच्या माध्यम केंद्रातही ते तयार होत. पण कार्यक्रम चुकला तरी पुस्तक हातात राही. आज व्हिडिओ अडकला की विद्यार्थ्याच्या हातात काहीच उरत नाही.

काही वर्षांपूर्वी अर्थशास्त्राचा एक अंध विद्यार्थी माझ्याकडे लॅपटॉप घेऊन आला. त्यात एनव्हीडीए हे पडदावाचक होतं. ते फुकट मिळतं, मराठीही वाचतं. त्यानं आमच्या अभ्यासक्रमाचा एक घटक उघडला. यंत्र रोमन अक्षरं आणि चिन्हं बडबडू लागलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, पुढचा घटक बरा आहे. तो स्कॅन आहे, निदान गप्प बसतो."

यातली तांत्रिक गोम आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलच्या पोटात भलत्याच रोमन अक्षराचा क्रमांक असतो. डोळ्याला मराठी, यंत्राला अगम्य. १९९०च्या दशकात दुसरा मार्गही नव्हता. पुण्यातच घडलेल्या श्रीलिपीनं आणि सी-डॅकच्या आयएसएमनं मराठी छपाई संगणकावर आणली, ते ऋण मी मानते. पण युनिकोड रुळून आता जमाना झाला. त्या फाइली बदलून घ्यायला आपल्याला कोणी अडवलं आहे? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा तर इलेक्ट्रॉनिक साहित्य सुगम स्वरूपात असावं असं म्हणतो. त्याचं ४२वं कलम आपण प्रस्तावात लिहितो आणि तो प्रस्तावही स्कॅन करून पाठवतो.

काल इथे एक वाद रंगला: ऑनलाइन तासाला विद्यार्थ्यांनी कॅमेरा सुरू ठेवायचा की नाही. माझी एक विद्यार्थिनी हडपसरला राहायची. घरात एकच फोन, तो दिवसा नवऱ्याबरोबर रिक्षात. रात्री तिच्या हाती येई तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला. तिला कॅमेऱ्याचं कसलं सांगता? हिशोब करा. वीस मिनिटांच्या व्याख्यानात साधारण दोन हजार शब्द असतात. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं. म्हणजे सगळं व्याख्यान चाळीस-पन्नास किलोबाइटमध्ये मावतं. तेवढ्याच वेळाच्या व्हिडिओला, कितीही दाबला तरी, काही दशलक्ष बाइट लागतात. माझ्यापुरता वाद मिटला.

एक आक्षेप तरुण सहकाऱ्यांचा: यंत्र हल्ली बोलणं आपोआप उतरवून देतं, मग वेगळं लिहायचं कशाला? मी एकदा तसं उतरवलेलं तपासलं. 'वित्तीय तूट'च्या जागी 'वित्तीय तूप' आलं होतं. विद्यार्थ्यांनी ते आनंदानं वाचलंही असतं. आणि समजा, सगळं अचूक उतरलं, तरी बोलताना आपण जे घोळ घालतो तेच छापून येणार. लिहिताना माणसाला क्रम लावावा लागतो, उदाहरण निवडावं लागतं, आपल्यालाच कळलेलं नाही ते उघडं पडतं. म्हणूनच टाळाटाळ चालते, असा माझा जुना संशय आहे.

मजकुरानं सगळं भागेल असा माझा दावा नाही. एका कर्णबधिर मुलीनं मला दुभाष्यामार्फत सुनावलं होतं की तिची पहिली भाषा खुणांची, मराठी दुसरी. लांबलचक वाक्यं तिला भिंतीसारखी वाटतात. तिच्यासाठी सांकेतिक भाषेतला व्हिडिओ हवाच, आणि तिथे स्टुडिओचा खर्च मी आनंदानं मंजूर करीन. पण जो दुभाषी खुणा करणार त्यालाही आधी नीट लिहिलेली संहिता लागते. आपण त्याच्या हातात सहा मुद्द्यांची स्लाइड ठेवतो.

शिवाय लिहिलेल्यावर भांडताही येतं. पूर्वी प्रकरण लिहून झालं की सहकारी ते वाचायचे, लाल शाईनं भांडायचे, पोस्टानं परत पाठवायचे. आता 'छान झालं सर' आणि एक अंगठा. ती लाल शाई मला फार आठवते.

कामाचं बोलायचं तर काही नमुना घटक आधी लिहून, पडदावाचकावर ऐकून, मगच चित्रित करावेत असं मनात आहे. जुन्या फॉन्टमधलं साहित्य युनिकोडमध्ये आणण्यासाठी एक गट करावा लागेल. कोणत्या विषयापासून, किती मुदतीत, पैसा कुठून, यातलं काही ठरलेलं नाही. ज्यांना नाव द्यायचं आहे त्यांनी चहाच्या वेळी मला भेटावं. येताना आपल्या अभ्यासक्रमाचा एक घटक घेऊन यावं. तो विद्यार्थी आज सभागृहात आहे आणि त्यानं लॅपटॉप आणला आहे.