सामानाची यादी : परदेशी स्थायिक होणाऱ्यांची पहिली तयारी



अंधेरी पूर्वेस सहार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय विमानतळाने मुंबई उपनगरांतील किती तरी कुटुंबांचे निरोप पाहिले आहेत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवली येथून परदेशी निघालेली माणसे पारपत्र, व्हिसा, तिकीट आणि पदव्यांची प्रमाणपत्रे दहादा तपासून पाहतात. मात्र एक कागद बहुधा राहून जातो. तो म्हणजे घरच्या सामानाची यादी. परक्या देशात स्थायिक होण्यासाठी प्रथमच पाऊल ठेवताना तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे या साध्या कागदाला मोठे मोल येते.

उदाहरणादाखल कॅनडाला कायम वास्तव्यासाठी निघालेल्या मुलुंडच्या एखाद्या कुटुंबाचा विचार करू. प्रत्येकाच्या वाट्याला एक-दोन पेट्या येतात. त्यांत गरम कपडे, पुस्तके, कुकर आणि पोळपाट-लाटणे एवढेच मावते. आजीने दिलेल्या पाटल्या, लग्नातील हार, पैठणी, चांदीची भांडी ही मागे आईवडिलांकडे ठेवली जातात. नव्या मुलखात घर मिळेपर्यंत हा ऐवज ठेवणार तरी कोठे? ‘पुढल्या खेपेस येऊ तेव्हा नेऊ’ असा साधा हिशेब त्यामागे असतो.

हा हिशेब चुकीचा नाही. परंतु तो कागदावर उतरला पाहिजे. स्थायिक होण्यासाठी येणाऱ्यास आपल्या घरगुती व वैयक्तिक वस्तू शुल्काशिवाय आणण्याची सवलत तो देश देतो. मागाहून येणाऱ्या वस्तूंनाही ती मिळते. मात्र त्या वस्तूंची यादी पहिल्या आगमनाच्या वेळीच सादर करावी लागते. हाती काहीही सामान नसले तरी हा नियम लागू आहे. यादीत न आलेल्या पाटल्या पुढे नेल्या, तर त्यांवर शुल्क व कर भरण्याची पाळी येऊ शकते. ज्या दागिन्यांची किंमत घरच्या माणसांना केवळ आठवणींनी मोजता येते, त्यांच्यासाठी मग पैसे मोजावे लागतात.

यास्तव यादी दोन भागांत करावी. पहिल्या भागात सोबत नेत असलेल्या वस्तू आणि दुसऱ्या भागात मागाहून येणाऱ्या वस्तू लिहाव्यात. प्रत्येक वस्तूपुढे अंदाजे किंमत नोंदवावी. यंत्र असल्यास बनावट, नमुना व अनुक्रमांकही लिहावा. यादी शक्यतो टंकलिखित असावी व तिच्या दोन प्रती जवळ ठेवाव्यात. दागिन्यांच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. जुन्या दागिन्यांच्या पावत्या सहसा नसतात. अशा वेळी सराफाकडून वजन व मूल्यांकन लिहून घ्यावे आणि दिनांक व सहीसह छायाचित्रे जोडावीत.

हे काम ज्या विमानतळावर त्या देशात प्रथम उतरावयाचे, तेथेच करावयाचे असते. मग पुढचे विमान टोरांटोचे असो वा अन्य शहराचे. तेथील अधिकारी यादीवरून ‘बीएसएफ १८६’ हा नमुना भरतो, त्यास क्रमांक देतो व पावती देतो. मागाहून सामान येईल तेव्हा हीच पावती दाखवावी लागते. म्हणून ती पारपत्राइतकीच जपावी.

सवलतीस मर्यादाही आहेत. वस्तू आगमनापूर्वी स्वतःच्या मालकीची, ताब्यात असलेली व वापरलेली असावी लागते. एखाद्या वस्तूची किंमत १०,००० कॅनेडियन डॉलरहून अधिक असल्यास वरच्या रकमेवर आकारणी होते. शुल्काशिवाय आणलेली वस्तू १२ महिन्यांच्या आत विकली किंवा देऊन टाकली, तर शुल्क भरावे लागते. जवळची रोकड १०,००० कॅनेडियन डॉलर वा अधिक असल्यास ती सांगणे बंधनकारक आहे. खाद्यपदार्थ, बियाणे व रोपेही जाहीर करावी लागतात.

आपल्या बाजूचा एक कागदही विसरू नये. मौल्यवान दागिने अंगावर घालून निघताना विमानतळावरील सीमाशुल्क अधिकाऱ्याकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येते. पुढे तेच दागिने घालून मायदेशी आल्यावर ते येथूनच नेले होते, हे त्यावरून सिद्ध होते. आपल्याकडील सीमाशुल्क अधिनियम, १९६२ याच्या कलम ७७ अन्वये सामानाच्या मालकाने त्यातील वस्तूंची घोषणा करावयाची असते. देश कोणताही असो, तपशिलाचे नियम व मर्यादा बदलत असतात. निघण्यापूर्वी त्या त्या देशाच्या अधिकृत सूचना पाहून घेणे इष्ट होय.

शाळेतील शिक्षक, पंचायतीचे सदस्य, कार्यालयातील अधिकारी यांच्याकडे लोक आजही अर्ज वाचून घेण्यास येतात. परदेशी निघालेल्या मुलाचे वा सुनेचे कागद पाहताना त्यांनी एवढेच विचारावे : ‘सामानाची यादी केली का? मागे राहणाऱ्या वस्तू तीत आल्या का?’ एका संध्याकाळी कपाट उघडून, घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून ही यादी पुरी होते. आजीच्या पाटल्या मग केव्हाही गेल्या, तरी त्यांची वाट अडत नाही.