आक्कांच्या ओव्या आणि संगणकातला प्लेअर

भाकरी थापता थापता ऐकत असाल तर थापतच ऐका. वही-पेन कधी घ्यायचं ते आम्ही सांगू.

आजचा विषय संगणकाचा आहे, पण सुरुवात जात्यापासून करूया. शिरोळ तालुक्यातल्या आमच्या एका गटात थोरल्या आक्का होत्या. जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी यायची. २०१८ साली आम्ही साध्या बटणाच्या फोनवर त्यांच्या अकरा ओव्या घेतल्या. पुढच्या वर्षी ऑगस्टात महापूर आला. फोन गेला, पण मेमरी कार्ड माळ्यावरच्या डब्यात होतं, ते वाचलं. २०२१ ला आक्काही गेल्या. वर्षश्राद्धाला त्यांची लेक म्हणाली, "आईचा आवाज ऐकवा की."

कोषाध्यक्षताईंच्या घरी संगणक होता. कार्ड लावलं, अकरा फायली दिसल्या, पण एकही वाजेना. जमलेल्यांतला एक पोरगा म्हणाला, "कार्ड खराब झालंय, फॉरमॅट मारा." मैत्रिणींनो, फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. लेकीनं कार्डावर हात ठेवला, म्हणून आम्ही थांबलो.

दोष कार्डाचा नव्हताच. गूळ तोच असतो, पण कुणी तीस किलोचा रवा बांधतं, कुणी किलोची भेली. आवाजाचंही तसंच. फोन आवाज वेगवेगळ्या पद्धतीनं बांधून ठेवतो. जुन्या फोनच्या फायलींच्या नावाशेवटी बहुतेक 'एएमआर' असतं, आताच्या 'एमपीथ्री' किंवा 'एमफोरए'. संगणकात आधीपासून असलेल्या आमच्या प्लेअरला एएमआरची गाठ सोडवता येत नव्हती, एवढंच.

मग दुसरा प्लेअर शोधला. पहिल्यांदा घाईत जाहिरातीवर बोट गेलं. प्लेअर आला, पण सोबत नको त्या चार वस्तू घेऊन आला, आणि संगणक उघडला की जाहिराती नाचायला लागल्या. ते सगळं काढलं आणि शहाणं होऊन चार प्रश्न ठरवले. पैसे मागतो का? सगळ्या तऱ्हेच्या फायली उघडतो का? नेट नसताना चालतो का? सोबत जाहिराती आणतो का?

या चारही प्रश्नांना उतरला तो व्हीएलसी. त्याचं चित्र म्हणजे रस्त्यावर ठेवतात तो नारंगी-पांढरा शंकू. १९९६ साली पॅरिसच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थ्यांनी हे काम सुरू केलं, आणि २००१ पासून ते सगळ्यांसाठी खुलं झालं. आज ते नफा न कमावणारी संस्था सांभाळते. फुकट आहे, आणि चोरीचंही नाही.

आता वही घ्या.

पहिलं काम, कार्डावरच्या फायलींची नक्कल संगणकात करा, दुसरी नक्कल पेन ड्राइव्हवर. मूळ कार्ड काढून डब्यात ठेवा. संगणकानं "फॉरमॅट करू का?" विचारलं तर 'कॅन्सल' दाबा आणि जाणकाराला दाखवा.

दुसरं, नेट उघडून वरच्या पत्त्याच्या पट्टीत स्वतः लिहा, व्हिडिओलॅन डॉट ओआरजी. शोधून येणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. फाईल पन्नास एमबीच्या आतली आहे. उतरली की दोनदा दाबा आणि विचारेल तसं वाचत 'नेक्स्ट' करत जा.

तिसरं, आवाजाच्या फायलीवर माउसचं उजवं बटण दाबा, 'ओपन विथ' मधून व्हीएलसी निवडा आणि 'ऑलवेज' करा. पुढं ती फाईल नेहमी त्यातच उघडेल.

चौथं, कंट्रोल आणि एल दाबलं की यादी दिसते. फोल्डर उचलून त्यात टाका, कंट्रोल आणि वाय दाबून यादी जपून ठेवा. शब्द कळत नसेल तर डावा चौकोनी कंस दाबा, आवाज हळू चालतो. बरोबरचं चिन्ह दाबलं की पुन्हा पहिल्यासारखा. ओव्या लिहून काढताना आम्हाला याचाच फार उपयोग झाला.

पाचवं, भजनाच्या स्पीकरवर ऐकायचं तर एमपीथ्री करावं लागतं. कंट्रोल आणि आर दाबा, फाईल घाला, 'कन्व्हर्ट' करा, एमपीथ्री निवडा, नवीन नाव द्या, 'स्टार्ट' दाबा. मूळ फाईल मात्र पुसू नका.

आणि फाईलीला नाव द्या: साल, गाव, कुणाची ओवी. नुसतं 'रेकॉर्डिंग सात' ठेवलं तर दोन वर्षांनी आपल्यालाही ओळखू येत नाही.

त्या दिवशी शंकू दिसला आणि आक्का बोलायला लागल्या. मागं जात्याची घरघर होती. तिसऱ्या ओवीत त्या मधेच खोकल्या आणि कुणाला तरी म्हणाल्या, "पीठ सांडू नगं." लेक म्हणाली, "ते मलाच म्हणाली होती." मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मैत्रिणींनो, हे काम लहान नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्यांतल्या कितीतरी 'पारी' या संकेतस्थळावर वाचायला, ऐकायला मिळतात. आपल्या आज्यांच्या ओव्या मात्र आपल्यालाच घ्यायच्या आहेत. पिठाची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, आता ओवी तेवढी तोंडात उरलीय.

म्हणून या रविवारी एक करा. घरातल्या थोरल्या बाईजवळ बसा आणि एक ओवी घ्या. आधी विचारा, "घेऊ का? दुसऱ्यांना ऐकवू का?" 'नको' म्हणाली तर घरातच ठेवा. आणि त्याच संध्याकाळी नक्कल करा. पाऊस सांगून येतो, पूर तेवढा सांगून येत नाही.