टेबलावरचा पेपर

आज ऐकता ऐकता फोनवर एक चित्र शोधा. पिकासो, 'स्टिल लाइफ विथ चेअर केनिंग', 1912.

मी बीटेकवाला. चित्रकलेशी माझा शेवटचा संबंध शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेत आला. स्थिरचित्र म्हणजे तांब्या, दोन फळं, मागे पडदा. सावली चुकली की मार्क गेले. त्यामुळे हे चित्र पाहून आधी हसूच आलं. ए-फोर कागदापेक्षा जरासंच मोठं, लंबगोल, आणि भोवती फ्रेमच्या जागी चक्क दोर!

आता वेताची वीण दिसतेय ना, ती झूम करा. ती रंगवलेली नाही. आणि वेतही नाही. वेताचं डिझाइन छापलेलं मेणकापड आहे, आणून चिकटवलेलं. म्हणजे त्या चित्रात सगळ्यात खरं जे दिसतं, तेच नकली. वर जेओयू ही तीन अक्षरं आहेत. 'जूर्नाल', म्हणजे वर्तमानपत्र, याची सुरुवात. फ्रेंचमध्ये 'खेळणं' या शब्दाचीही तीच. हा विनोद मला दोन दिवसांनी कळला.

पण मी अडकलो ते त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका चित्रात. गिटार, ग्लास, गाण्याचं नोटेशन, आणि खाली पेपरचं खरं कात्रण. तारीख 18 नोव्हेंबर. तेव्हा बाल्कन युद्ध चालू होतं. मथळ्याचा अर्थ साधारण असा: लढाई जुंपली.

हे वाचलं आणि माझ्या टेबलाकडे बघितलं. चहाचा कप, इयरफोन, आणि फोनवर युद्धाच्या बातमीचं नोटिफिकेशन. ते मी न वाचताच स्वाइप केलं होतं.

काही अभ्यासक म्हणतात, ही लढाई बाल्कनची नाही, पिकासो आणि ब्राकची. जॉर्ज ब्राक हा त्याचा जोडीदार. मूळचा घरं रंगवणारा. सप्टेंबरमध्ये त्याने आविन्योंच्या दुकानातून लाकडाच्या नक्षीचा वॉलपेपर आणला आणि कागद चिकटवण्यात आघाडी घेतली. मला दोन्ही अर्थ पटतात. मथळा निवडून कापलाय, एवढं नक्की.

पुढे ऑगस्ट 1914. पिकासो स्पॅनिश, त्याला भरती नव्हती. ब्राक फ्रेंच. आविन्योंच्याच स्टेशनवर पिकासो त्याला सोडायला गेला. 1915 मध्ये आघाडीवर ब्राकच्या डोक्याला जबर जखम झाली. तो वाचला, पुन्हा चित्रं काढू लागला. पण दोघांनी मिळून काम करणं तिथेच थांबलं.