निळं झाकण बसत का नाही? प्लास्टिकमधल्या स्फटिकांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आज कोड नाही, प्लास्टिक.

मी मोल्डिंग मशीनचा डेटा गोळा करणारं सॉफ्टवेअर लिहितो. एका कारखान्यात डबा तोच, मोल्ड तोच, दाणाही तोच. पण निळी झाकणं वाकडी आणि पांढरी सरळ. ऑपरेटरवर खापर फुटत होतं. डेटा बघितला तर सेटिंग सेम टू सेम!

भानगड रंगात होती. पॉलिप्रॉपिलीन साधारण १६५ अंशाला वितळतं, पण थंड होताना त्याच तापमानाला गोठत नाही. ११०-११५ पर्यंत ताटकळतं, कारण स्फटिक सुरू व्हायला जागा लागते. खडीसाखर आठवा. पाकात दोरा सोडला की साखर त्या दोऱ्यावर जमायला लागते. काही जण इथे विरजणाची उपमा देतात, मला ती पटत नाही. विरजण स्वतः वाढतं, दोरा वाढत नाही.

प्लास्टिकमधल्या या दोऱ्याला न्यूक्लिएटिंग एजंट म्हणतात. सोडियम बेंझोएट, टाल्क, सॉर्बिटॉलपासून बनवलेली काही रसायनं. टनाला एक-दोन किलो पुरतात. चांगला एजंट असेल तर गोठणं १२५ च्या आसपासच सुरू होतं, म्हणजे पीस लवकर कडक होतो आणि मोल्ड लवकर उघडता येतो. समजा सायकल २० सेकंदांवरून १८ वर आली. तासाला १८० ऐवजी २०० शॉट! जॉबवर्कवाल्याला पैसे पीसवर मिळतात, त्याच्यासाठी हे दोन सेकंद म्हणजे वीजबिल. शिवाय सॉर्बिटॉलवाल्या एजंटमुळे स्फटिक इतके बारीक होतात की प्रकाश कमी विखुरतो आणि डबा पारदर्शक दिसतो.

आता निळा रंग. थॅलोसायनिन ब्लू हे पिगमेंट न बोलावता हेच काम करतं. त्यामुळे निळा माल वेगळ्या वेळी गोठतो, वेगळा आकसतो आणि वाकतो. उपाय गंमतशीर आहे: सगळ्याच रंगांत एक तगडा एजंट घालायचा, म्हणजे पिगमेंटचं फारसं चालत नाही.

पण मोल्डमधल्या पाण्याच्या वाटा क्षाराने तुंबल्या असतील, तर महागडा एजंट ओतून उपयोग नाही. आधी त्या साफ करा.

त्या कारखान्यात आता चर्चा दाण्याची आणि मास्टरबॅचची चालते. ऑपरेटरची सुटका झाली. तुमच्या डब्याचं झाकण कोणत्या रंगाचं आहे, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!