आंबोलीचा घाट पायी



मी सातवी शिकलेली. भाषण येत नाही. पाहिले तेवढे सांगते.

सासर गडहिंग्लज, माहेर सावंतवाडी. वीस वर्षे एस.टी.ने आंबोलीचा घाट उतरले, पण मांडीवर कधी मूल, कधी पिशवी. धबधबा म्हणजे खिडकीतून आलेले शिंतोडे! गेल्या श्रावणात धीर करून यजमानांना म्हटले, "एकदा हा रस्ता चालायचाय."

"काम काय तिथे?"

"काही नाही. म्हणूनच."

आंबोलीत उतरून तीनेक किलोमीटर चाललो. धुक्यात पुढचे वळण दिसेना. कातळावरून जागोजाग पाणी रस्त्यावर येत होते. मोठा धबधबा आधी ऐकू आला, मग दिसला. शेवाळलेल्या पायऱ्यांवर यजमानांनी माझा हात धरला. भर रस्त्यात, पहिल्यांदाच!

हिरण्यकेशी आंबोलीतच उगम पावते आणि गडहिंग्लजवरून पुढे कृष्णेच्या खोऱ्यात जाते. धबधब्याचे पाणी मात्र खाली कोकणात उतरते. पाऊस एकच, थोडा माझ्या सासरी जातो, थोडा माहेरी. वीस वर्षांत हे मला उमगले नव्हते.

भगिनींनो, वर्षातून एक दिवस तरी बिनकामाचे चाला.