आगीपुढे रंगाचा थर : रंगारी कामगारांनी जाणून घ्यावयाच्या काही गोष्टी

(सुरत येथील खानदेशी रंगारी व सुतार कामगारांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी रंगारी नाही, रसायनशास्त्रज्ञही नाही. मी कलाशाखेची पदवीधर असून पक्षाच्या कागदपत्रांचे भाषांतर करणे हे माझे काम आहे. तरीही आज या विषयावर बोलावयास उभी आहे, याचे कारण माझ्याच हातून घडलेली एक चूक होय. मागे येथील काही कॉम्रेड्सनी रंगाच्या डब्यावरील इंग्रजी सूचनापत्र माझ्याकडे धाडले आणि त्याचे मराठी करून मागितले. कारखान्यांतील, दवाखान्यांतील व शिकवणी वर्गांतील लाकडी आडभिंतींना आतून लावावयाचा, आगीपासून संरक्षण देणारा असा तो रंग होता. मी भाषांतर केले, आणि मथळ्यात ठळक अक्षरांत ‘अग्निरोधक रंग’ असे शब्द घातले. पुढे बैठकीत एका वयोवृद्ध रंगाऱ्याने, ज्यांना आपण सारे आप्पा म्हणतो त्यांनी, मला विचारले, “ताई, हा रंग आग रोखतो म्हणता, तर मग मालक म्हणतो ते खरेच की हो! मागचे दार बुजवले तरी काय बिघडले?”

त्या क्षणी मला उमगले की एका शब्दाने मी मालकाच्या हाती किती सोयीचे हत्यार दिले होते. हा रंग आग रोखीत नाही, आगीचा वेग कमी करतो. त्याला ‘अग्निमंदक’ म्हणावयास हवे होते. रोखणे आणि मंद करणे यांतील अंतर कोशात एका ओळीचे असेल. इमारतीत ते माणसाने जिना उतरून बाहेर पडण्याएवढे असते.

तुमच्यापैकी अनेकांना २४ मे २०१९ चा दिवस आठवत असेल. याच शहरात, सरथाणा भागातील तक्षशिला आर्केड या इमारतीला आग लागली आणि वरच्या मजल्यावरील शिकवणी वर्गातील २२ विद्यार्थी मरण पावले. त्या मजल्याकडे नेणारा जिना लाकडी होता. तोच जळाला, आणि मुलांनी खिडक्यांतून उड्या घेतल्या. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्लीच्या अनाज मंडीतील एका इमारतीत पहाटे झोपेत असलेले ४३ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक बिहारमधून पोटासाठी आलेले होते, आणि बहुतेक ज्वालेने नव्हे तर धुराने गुदमरून मेले. रंग लावला असता तर ही सारी माणसे वाचली असती, असे मी मुळीच म्हणणार नाही. तसे म्हणणे म्हणजे माझी जुनी चूक पुन्हा करणे होईल. बाहेर पडण्याची वाट नसेल तर जगातील कोणताही रंग माणसाला वाचवीत नाही, आणि धुराला तर रंग अडवू शकतच नाही. परंतु वाट असेल, जिना उभा असेल, तर ती वाट आणखी काही मिनिटे चालण्याजोगी ठेवणे एवढे काम हा रंग करू शकतो. तेही तो नीट लावला असेल तरच. आणि तो नीट लागला की नाही, हे मालकाला, ठेकेदाराला किंवा तपासनिसाला ठाऊक नसते. ते तुम्हाला ठाऊक असते.

प्रथम तो काय करतो ते पाहू. दिवाळीत मुले नागगोळी पेटवितात. एवढीशी काळी गोळी, तिला काडी लावताच तिच्यातून लांबच लांब, हलका, भुसभुशीत नाग वर येतो. या रंगाचे वर्तन जवळजवळ तसेच आहे. त्यात सामान्यतः तीन द्रव्ये मुख्य असतात : अमोनियम पॉलिफॉस्फेट, पेंटाएरिथ्रिटॉल आणि मेलामाइन. तापमान २०० ते ३०० अंशांकडे सरकू लागले की रंगातील बंधक मऊ पडतो. पहिल्या द्रव्यापासून फॉस्फरिक आम्ल सुटते, ते दुसऱ्या द्रव्याला कोळशात रूपांतरित करते, आणि तिसऱ्यापासून निघणारे न जळणारे वायू त्या कोळशाला फुगवितात. थर मूळ जाडीच्या कित्येक पटींनी, कधीकधी पन्नास पटींपर्यंतही फुगतो. या फेसाळ कोळशातून उष्णता हळूहळू आत जाते, म्हणून मागचे लाकूड उशिरा तापते आणि उशिरा पेट घेते. लोखंडी तुळईवर हाच रंग अधिक जाड थराने लावतात. तेथे हेतू निराळा असतो : पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० अंशांच्या सुमारास त्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते आणि छप्पर खाली येऊ लागते. लाकडासाठीचा डबा तुळईवर किंवा तुळईसाठीचा लाकडावर चालवून घेणे हे म्हणूनच चूक. विटांच्या, सिमेंटच्या नुसत्या भिंतीला याची गरज सहसा नसते. गरज आहे ती प्लायवूडला, लाकडी तक्तपोशीला, जिन्याला.

ही विद्या नवी नाही. फ्रान्सच्या अठराव्या लुई राजाच्या सांगण्यावरून गे-ल्युसाक या शास्त्रज्ञाने १८२१ साली नाटकगृहांतील पडद्यांसाठी अमोनियम फॉस्फेट, अमोनियम क्लोराइड आणि टाकणखार यांचे द्रावण सुचविले होते. दोन शतके उलटली. राजाच्या करमणुकीसाठी जे सुचले ते कामगाराच्या झोपण्याच्या जागेपर्यंत अद्याप पोहोचावयाचे आहे.

आता थराच्या जाडीकडे येऊ, कारण सारी लबाडी तेथेच होते. हिशेब सोपा आहे. एक लिटर रंग एक चौरस मीटरवर पसरला तर ओला थर बरोबर एक मिलिमीटर, म्हणजे १,००० मायक्रॉन होतो. सूचनापत्रात ‘लिटरला ४ चौरस मीटर’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ ओला थर २५० मायक्रॉनचा हवा. त्या रंगात घन भाग शंभरात साठ असेल तर वाळल्यावर त्याचे १५० मायक्रॉन उरतील. आपला नेहमीचा इमल्शन रंग लिटरला दहा चौरस मीटर, म्हणजे शंभर-सव्वाशे चौरस फूट सहज ओढतो. ठेकेदार तोच हिशेब येथे लावतो. तो म्हणतो, “पाणी घाला, रोलर चालवा, दिसायला सारखेच.” आणि दिसते सारखेच! वाळल्यावर १५० मायक्रॉनची भिंत आणि ६० मायक्रॉनची भिंत डोळ्यांना एकच वाटते. फरक फक्त आगीला कळतो.

बाराशे चौरस फुटांची आडभिंत धरा. म्हणजे सुमारे १११ चौरस मीटर. लिटरला ४ या दराने एका हाताला २८ लिटर, दोन हातांना ५६ लिटर रंग लागेल. वीस लिटरचे जवळजवळ तीन डबे. कामाच्या जागी एकच डबा फुटलेला असेल तर बाकीचे दोन कोठे गेले हे विचारण्यास पदवी लागत नाही. रिकामे डबे मोजा व त्यांची नोंद ठेवा. ओला थर मोजण्यासाठी दात असलेली एक लहानशी पट्टी मिळते, कंगव्यासारखी. ती ओल्या रंगात टेकवून कोणत्या दातापर्यंत रंग लागला ते पाहावयाचे. ती महाग नाही. ठेकेदार देत नसेल तर युनियनने घ्यावी.

परंतु कॉम्रेड्स, येथे मला एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. रंगारी पाणी घालतो तेव्हा सारा दोष त्याचा, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तुम्हाला मजुरी मिळते ती चौरस फुटावर, हातांवर नव्हे. हा रंग घट्ट असतो, ब्रश जड चालतो, पहिला हात पुरता वाळल्याखेरीज दुसरा मारता येत नाही. म्हणजे प्रामाणिकपणे काम करणाऱ्याचा एक दिवस वाढतो आणि मजुरी तेवढीच राहते. ज्या दरपत्रकात नीट काम करणाराच तोट्यात जातो, ते दरपत्रकच आगीला आमंत्रण आहे. म्हणून मागणी अशी हवी की या रंगाचा दर हातागणिक ठरावा, घासकाम व अस्तर यांचा दर वेगळा असावा, आणि वाळण्यासाठी थांबावे लागते त्या वेळेचाही मोबदला मिळावा. ही मागणी वेतनाची आहे आणि सुरक्षेचीही. या दोहोंना वेगळे करता येईल असे मला वाटत नाही.

पूर्वतयारीबद्दल तुम्हीच मला शिकवाल, म्हणून थोडक्यात सांगते. जुने पॉलिश, लॅकर किंवा सुटलेला तेलरंग यांवर हा रंग मारू नये. ते खालचे थर तापले की सुटतात आणि वरचा रंग फुगण्याऐवजी पापुद्र्यासारखा गळून पडतो. खरवडताना नाकातोंडावर साधे फडके पुरेसे नाही, चांगली मुखपट्टी मागून घ्या. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. पावसाळी ओलीत काम घाईने उरकू नका, कारण यातील फॉस्फेटाला पाण्याचे वावडे आहे. गळत्या भिंतीवर लावलेला रंग काही वर्षांत नुसता रंगच उरतो. वरून शोभेचा हात मारावयाचा तर त्या रंगाला चालणाराच मारावा, आणि पातळ. दर दिवाळीला वरून एकेक थर चढवीत गेले तर आतला रंग फुगावयाचा कसा?

थरावर थर चढविण्याची कथा लंडनची आहे. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी किंग्ज क्रॉस या भुयारी रेल्वेस्थानकात लाकडी सरकत्या जिन्याला आग लागली व ३१ माणसे मेली. जिन्याखाली साचलेल्या वंगणात व कचऱ्यात जळती काडी पडली होती. जिन्याच्या वरील छतावर जुन्या रंगाचे सुमारे वीस थर होते, म्हणून प्रथम संशय त्यांच्यावर गेला. चौकशीअंती मुख्य कारण निराळे निघाले. उतरत्या जिन्याच्या खोबणीत ज्वाला पृष्ठभागाला चिकटून वर धावली आणि क्षणात तिकीटघराचे दालन पेटले. परंतु या प्रकरणातील एक तपशील मला विसरता येत नाही. आगीच्या काही वर्षे आधी तेथील एका अधिकाऱ्याने, हे साचलेले थर आग पसरवतील, असे सुचविले होते. रंगकाम त्याच्या खात्यात येत नव्हते, म्हणून त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. ‘आपल्या खात्यात येत नाही’ हे वाक्य आपणही रोज ऐकतो.

कागदोपत्री व्यवस्था आपल्याकडे आहे. ज्वाला पृष्ठभागावरून किती पसरते यावरून वर्गवारी करणारे भारतीय मानक १२७७७ हे १९८९ चे आहे. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेत आगीवर संशोधन चालते. जुन्या ब्रिटिश परीक्षेचे माप समजावयास सोपे आहे : पहिल्या वर्गाच्या पृष्ठभागावर दहा मिनिटांत ज्वाला १६५ मिलिमीटरच्या, म्हणजे एका वितीहूनही कमी अंतराच्या, पुढे जाता कामा नये; चौथ्या वर्गावर ती ७१० मिलिमीटरच्याही पुढे जाते. महाराष्ट्रात २००६ च्या कायद्यानुसार अग्निसुरक्षेच्या साधनांबाबत वर्षातून दोनदा, जानेवारीत व जुलैत, प्रमाणपत्र द्यावे लागते. पण लहान कार्यशाळांचे काय? १९४८ च्या कारखाने कायद्याने ३८ व्या कलमात आगीपासूनच्या खबरदारीची जबाबदारी मालकावर टाकली होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेने विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्याच दहा कामगारांवरून वीस कामगारांवर नेली. ज्या माळ्यावर पंधरा जण काम करतात आणि रात्री तेथेच झोपतात, तो माळा त्या व्याख्येच्या बाहेर पडला.

प्रमाणपत्रावर सही कोणाची असते ते पाहा. ती ठेकेदाराची असते. भिंतीला हात लावलेला असतो रंगाऱ्याचा. म्हणून माझी सूचना अशी की आपण आपली स्वतंत्र वही ठेवावी : तारीख, जागा, किती चौरस फूट, कोणता रंग, किती डबे, किती हात, आणि कोणी पाणी घालावयास सांगितले. उद्या काही विपरीत घडले तर पहिला आरोप रंगाऱ्यावर येईल, त्या वेळी ही वही बोलेल. वहीचा नमुना मी मराठीत करून आणला आहे. त्यात ‘अग्निरोधक’ हा शब्द कोठेही नाही, आप्पांनी तो तपासून दिला आहे.

बाहेर अंगणात प्लायवूडचे दोन तुकडे ठेवले आहेत. एकावर दोन पुरते हात दिलेले आहेत, दुसऱ्यावर पाणी घालून एकच. दोन्ही ओळखता येतात का, ते आधी डोळ्यांनी पाहा. मग आप्पा दिवा लावतील. पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूची घमेली भरून ठेवली आहेत. मुलांना मात्र मागे ठेवा.