ठिबक संच आणि तो हाताळणारा माणूस

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आपल्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे आपण आदराने घेतो. परंतु कारखाना चालवायला तयार माणसेही लागतात. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेलाच माणूस हवा, असा कायदा आहे. साखरेचा दाणा कधी धरला हे ओळखणारा पॅनमन जुन्या माणसाच्या हाताखाली राहूनच तयार होतो.

आता कारखान्याला ऊस देणाऱ्या आपल्या शेताकडे पाहा. ठिबक संचावर आपण मोठा खर्च करतो, अनुदानासाठी हेलपाटे घालतो. नंतर तो संच सांभाळतो सालगडी, आणि कॉक फिरवण्यापलीकडे त्याला कोणी काही शिकवलेले नसते.

यात आम्हा प्रशिक्षण देणाऱ्यांचाही दोष आहे. मीदेखील बरीच वर्षे सातबाऱ्यावर नाव असलेल्यांनाच बोलावत होतो. एकदा शिबिरानंतर एका शेतावर गेलो. मालकांना गाळणीची माहिती तोंडपाठ होती. पण दोन्ही दाबमापके बंद, आणि बॅकवॉशचा व्हॉल्व्ह कोणता हे गड्याला ठाऊक नव्हते. शेवटच्या ओळींतला ऊस पिवळा पडला म्हणून युरिया वाढवलेला! तोट्या क्षाराने बंद झालेल्या. खत तिथवर पोहोचतच नव्हते.

मुळा-प्रवरेच्या लाभक्षेत्रात अनेक विहिरींचे पाणी क्षारयुक्त आहे, म्हणून गड्याला एवढे तरी आलेच पाहिजे. वाळूच्या गाळणीच्या आधीचा आणि नंतरचा दाब रोज वाचावा. फरक दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोपेक्षा वाढला की बॅकवॉश द्यावा. नळ्यांची टोके ठरावीक दिवशी उघडून गढूळ पाणी जाऊ द्यावे. ताशी ४ लिटरच्या तोटीखाली भांडे धरावे. ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. हे माप पहिल्या आणि शेवटच्या ओळीत घ्यावे. खत देण्यापूर्वी व नंतर साधे पाणी सोडावे. कॅल्शियम नायट्रेट फॉस्फेट किंवा सल्फेटयुक्त खतात मिसळू नये, साका होतो.

आम्ल प्रक्रिया मात्र ऐकीव माहितीवर कोणालाही करू देऊ नका. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नव्हे. हातमोजे, चष्मा हवाच. क्लोरीन आणि आम्ल एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो. हे गड्यासमोर प्रत्यक्ष करून दाखवावे लागते. कागद वाचून येत नाही.

खुरपणीच्या बायकांनाही शिकवा. कुठली सरी कोरडी आहे हे त्यांना आपल्या आधी दिसते; पण त्यांना कोणी विचारत नाही.

“शिकवला की दुसरीकडे जातो,” अशी तक्रार मी नेहमी ऐकतो. जातोही. मग शिकल्यावर त्याचा पगार थोडा वाढवायला काय हरकत आहे? प्रशिक्षणाच्या दिवसाचा रोजही कापू नका.

बाभळेश्वर आणि दहिगाव-ने येथे कृषी विज्ञान केंद्रे आहेत. पुढच्या वेळी प्रशिक्षणाची चौकशी कराल तेव्हा दोन नावे द्या: एक तुमचे, एक संच हाताळणाऱ्याचे. येताना तुमच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन या.